घाई नाही, सवडीने पाहावे

एकतीस वर्षं मी एका मोठ्या कचेरीच्या आवक-जावक विभागात काढली. सकाळी पत्रांचा गठ्ठा यायचा, तो फोडायचा, प्रत्येक पत्रावर शिक्का मारायचा आणि कुठलं पत्र कुठल्या टेबलावर जाईल ते ठरवायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. आमच्या सौभाग्यवतींना तर अजूनही वाटतं. पण पत्र पूर्ण न वाचता त्यात काय आहे ते ओळखणं ही कला आहे, आणि ती मला साधली होती. पहिली ओळ आणि शेवटची ओळ, बस्स. शेवटी 'वरपर्यंत जाईन' असं असलं की पत्र तातडीच्या टोपलीत. 'सवडीने पाहावे' असं असलं की खालच्या कपाटात. त्या कपाटाची किल्ली कुठे आहे हे निवृत्त होताना मला सांगता आलं नाही, पण त्यावरून कधी कोणाची तक्रार आली नाही. तक्रार करणारी माणसंच ती नव्हती.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मी घर लावून काढलं. स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्याला चिठ्ठी लावली. 'चहा', 'चहा (चालू)', 'चहा (राखीव)'. चौथ्या महिन्यात सौभाग्यवतींनी मुलीला फोन केला. मी बाजूलाच बसलो होतो, पण तिने आवाज खाली आणायची तसदी घेतली नाही. म्हणाली, "तुझ्या बाबांना काहीतरी काम दे. नाहीतर मला बाहेर नोकरी शोध."

मुलगी संगणकाच्या कंपनीत आहे आणि फावल्या वेळात एका मुक्त प्रकल्पावर काम करते. मुक्त प्रकल्प म्हणजे काय, हे तिने मला तीनदा समजावलं. एखादा प्रोग्रॅम असतो, त्याचं आतलं सगळं लिखाण जगाला उघडं असतं, ज्याला येईल त्याने ते सुधारावं, ज्याला हवं त्याने ते वापरावं. साहेब नाही, हजेरी नाही. यावर माझं पहिलं मत असं होतं की हे चालूच शकणार नाही. पण चालत होतं, आणि ते चालतंय याचा पुरावा आमच्याच घरात, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत बसलेला होता.

तो पुरावा म्हणजे माझे सासरे. त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांनी चाळीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली आणि ते आमच्याकडे राहायला आले. मुलीने त्यांच्या संगणकावर तो मुक्त प्रोग्रॅम बसवून दिला. तो पुस्तक मोठ्याने वाचून दाखवतो, आणि कळ दाबली की ते अक्षरही बोलतो, त्यामुळे अण्णांना चाचपडत टाइपही करता येई. घरात कोणाला आवाजाचा त्रास नको म्हणून अण्णा तो हेडफोन लावूनच ऐकत.

अण्णांचा स्वभाव सांगायला हवा. या माणसाने मला आजवर काहीही मागितलेलं नाही. पाणी हवं असलं तर म्हणतात, "आज हवेत उष्मा आहे." मग मी पाणी आणून द्यायचं आणि त्यांनी म्हणायचं, "अरे, कशाला त्रास घेतलात, जावईबापू." एकोणतीस वर्षांत या कार्यक्रमात बदल झालेला नाही. बाहेरच्याला हे फार सभ्य वाटतं. मला मात्र आतून लागायचं. आपल्याच घरात राहणारा माणूस आपल्याला पाहुण्यासारखं वागवतो, हे बरं वाटत नाही. एकदा तरी त्यांनी हक्काने म्हणावं, 'अहो, जरा एवढं करा', अशी माझी फार इच्छा होती. तशी ती कोणाला बोलून दाखवण्यासारखी नव्हती.

ते काय ऐकत होते, तेही सांगतो. पाच खंडांची एक जाडजूड कादंबरी आहे. चाळीस वर्षांपूर्वी तिची सगळी प्रूफं अण्णांनीच तपासली होती. पण छापखान्यात पानं येतील तशी यायची, आज तिसऱ्या खंडाची, उद्या पहिल्याची. शिवाय गोष्टीत मन गेलं की चूक नजरेतून सुटते, म्हणून प्रूफं तपासणाऱ्याने गोष्ट वाचायची नसते. त्यामुळे त्या कादंबरीतला एकूण एक स्वल्पविराम अण्णांना ठाऊक होता, पण भावाशी भांडून गेलेली थोरली बहीण परत येते की नाही, हे ठाऊक नव्हतं. ते आता ते शोधत होते. रोज जेवताना आम्हाला सांगायचे. एकदा म्हणाले, "आज थोरली घर सोडून गेली. त्या पानावर मला सहा चुका सापडल्या होत्या. ती गेली, हे मात्र तेव्हा ध्यानात आलं नाही." आणि बराच वेळ जेवले नाहीत.

तर मुलगी म्हणाली, "बाबा, आजोबांच्या प्रोग्रॅमच्या प्रकल्पात रोज शेकड्याने तक्रारी येतात. प्रत्येकीवर चिठ्ठी लावायची असते. हा दोष आहे, ही सूचना आहे, ही नुसती शंका आहे, ही तक्रार आधी येऊन गेलेली आहे, ही तातडीची आहे. एक यंत्र ते आपोआप करतं, पण वाईट करतं. तुम्ही त्याला शिकवाल का?"

मी अंगावरची शाल नीट केली. आवक-जावक विभागाला अखेर बोलावणं आलं होतं.

यंत्राची अवस्था खरोखरच वाईट होती. ते फक्त शब्द पाहायचं. मजकुरात 'बंद' असा शब्द दिसला की चिठ्ठी 'दोष, तातडीचा'. एका बाईंनी लिहिलं होतं, 'खिडक्या बंद करून तुमचं वाचन ऐकते, फार छान वाटतं.' त्यांच्या या दोषावर दोन माणसं आठवडाभर काम करत होती. मुलीने मला उपाय सांगितला. जुन्या दोन हजार तक्रारी मी हाताने वाचायच्या, प्रत्येकीला माझ्या मते योग्य ती चिठ्ठी लावायची, आणि ती उदाहरणं यंत्राला दिली की यंत्र माझं वळण उचलेल. लहान मूल वडीलमाणसांचं बघून शिकतं, तसंच, असं ती म्हणाली. हे ऐकून मला भरून आलं, ते मी चष्मा पुसण्यात घालवलं.

पण साहेब नाही, हजेरी नाही, हे जे मी वर सांगितलं, ते साफ खोटं निघालं. आमच्या कचेरीत होते त्याच्या दुप्पट नियम तिथे होते. मी नाव नोंदवलं, तर यंत्राने माझ्या नावापुढे लगेच चिठ्ठी डकवली, 'प्रथमच आलेला'. एकतीस वर्षांची सेवा झालेल्या माणसाला हे कसं वाटतं, ते मी इथे लिहीत नाही. मग मी सुचवलं की 'तातडीचं' या चिठ्ठीचा रंग पिवळा आहे तो लाल करावा. त्यावर त्रेसष्ट जणांनी मतं दिली. लाल रंग मनाला लागतो, केशरी चालेल, केशरीतला कुठला केशरी, आणि ज्यांना रंग दिसतच नाहीत अशांसाठी हा प्रोग्रॅम असताना आपण रंगावर का भांडतोय, असं एकाने विचारल्यावर त्याच्यावर वेगळी चर्चा. प्रकल्प सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या छायाचित्राच्या जागी घुबडाचं चित्र होतं, म्हणून घरात आम्ही त्यांना घुबडबाई म्हणायचो. त्यांनी सतराव्या दिवशी निकाल दिला की रंग पिवळाच राहील.

आमच्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. जिन्यात भेटले की सल्ला देतात, तोंड उघडायला लावत नाहीत एवढंच. मी त्यांना कामाची रीत सांगितली. पहिली ओळ, शेवटची ओळ, ओरडणारा वर, सवडवाला खाली. ते दोन पायऱ्या उतरून परत आले.

"एक सांगतो, पटलं तर घ्या," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडे खुर्चीत बसायच्या आधी जो ओरडतो ना, त्याला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. आणि जो म्हणतो, 'थोडं दुखतं, पण बाकीचे पेशंट आधी घ्या', त्याच्या दाताचं मूळ सडलेलं असतं."

"दातांचं वेगळं, पत्रांचं वेगळं," मी म्हणालो.

"असेल बुवा," असं म्हणून ते गेले. अर्धवट ज्ञानाच्या माणसाला आपल्या क्षेत्रात बोलू देऊ नये, असं माझं तेव्हा मत होतं.

सहा आठवड्यांत मी दोन हजार तक्रारींना चिठ्ठ्या लावल्या. यंत्र शिकलं. परीक्षा घेतली तेव्हा शंभरातल्या चौऱ्याण्णव चिठ्ठ्या माझ्याशी जुळल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, ते अगदी तुमच्यासारखं विचार करतं." ज्या तक्रारींवर काही करायची गरज नाही, त्या यंत्राने नम्रपणे बंद कराव्यात असंही ठरलं, आणि त्यासाठीचं उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. तीन दिवस खपून मी ते लिहिलं. 'आपले पत्र मिळाले. योग्य ती नोंद घेण्यात आली आहे. आपल्या आस्थेबद्दल प्रकल्प आपला ऋणी आहे.' सौभाग्यवती वाचून म्हणाल्या, "छान आहे. यातून कोणाला काय कळणार?" मी म्हटलं, तेच तर कौशल्य आहे.

यंत्र सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी घुबडबाईंनी सगळ्यांसाठी निरोप टाकला, 'महिनाभर घरी आजारपण आहे, जमेल तसं सांभाळून घ्या.' यंत्राने त्यावर 'शंका' अशी चिठ्ठी लावली, योग्य ती नोंद घेतली, आणि निरोप बंद करून टाकला. लोक आठवडाभर बाईंची वाट पाहत बसले. केस वाढवण्याच्या तेलाची एक जाहिरात आली, तिच्या आस्थेबद्दल प्रकल्प ऋणी झाला. कोणी तक्रार केली की हे नवं यंत्र चुकीच्या चिठ्ठ्या लावतं. यंत्राने तिच्यावर लावलं, 'ही तक्रार आधी येऊन गेलेली आहे.' आता ते खरं होतं, त्याला कोण काय करणार.

आणि एक गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं होतं की प्रोग्रॅम पुस्तक वाचताना पानाच्या तळाचा आकडाही वाचतो, हा अडाणीपणा ताबडतोब थांबवा, नाहीतर मी वरपर्यंत जाईन. वर कोणीच नव्हतं, पण यंत्राला 'वरपर्यंत' हा शब्द मी शिकवलेला होता. चिठ्ठी लागली, 'तातडीचं'. तिघांनी आपला रविवार घालवून दुरुस्ती केली, सोमवारी ती सगळ्यांच्या संगणकावर पोचली, आणि आकडे वाचायचे थांबले. मी घरात सगळ्यांना सांगितलं की बघा, रविवारची तक्रार, सोमवारी निकाली. आमच्या कचेरीत याला दोन वर्षं लागली असती.

पुढे दोन-तीन आठवड्यांत अण्णांनी जेवताना गोष्ट सांगणं बंद केलं. आधी मला वाटलं, कथानक मंदावलं असेल. मग एके दिवशी सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, अण्णांचे हेडफोन आठ दिवस खुंटीला आहेत. नुसते बसून असतात. विचारलं तर म्हणतात, कंटाळा आला." तिचा चेहरा उतरला होता. अण्णांना आणि कंटाळा. ज्या माणसाने चाळीस वर्षांत दूरध्वनीच्या याद्यांचीसुद्धा प्रूफं तपासली, त्याला कंटाळा म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

मी वरच्या डॉक्टरांना बोलावलं. दुसरा डॉक्टर ओळखीचा नव्हता. त्यांनी अण्णांचे दात पाहिले, म्हणाले दात उत्तम आहेत. दारापर्यंत सोडायला गेलो तर हळूच म्हणाले, "काहीतरी दुखतंय त्यांना. पण ते तुम्हाला सांगणारे पेशंट नाहीत."

त्याच आठवड्यात घुबडबाई परतल्या. त्यांचा निरोप आला, अगदी थंड भाषेत, की यंत्राने बंद केलेल्या सगळ्या तक्रारी ज्यांनी यंत्र शिकवलं त्यांनी स्वतः, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचाव्यात. चौऱ्याण्णव टक्के जुळलेल्या माणसावर हा अविश्वास. मी रागाने राजीनाम्याचा मसुदा केला. पण तिथे मला कोणी नेमलंच नव्हतं, तर राजीनामा कशाचा देणार. सौभाग्यवती म्हणाल्या, "वाचा की. डोळे आहेत ना अजून."

तर वाचायला बसलो. चाळीसएक तक्रारी झाल्या आणि ही पुढे आली.

'स. न. वि. वि. आपला प्रोग्रॅम मी रोज ऐकतो, त्याबद्दल आभारी आहे. गेल्या सोमवारपासून प्रत्येक पानाची शेवटची ओळ ऐकू येत नाही. उदाहरणार्थ, खंड तिसरा, पान २१२. कदाचित माझ्या ऐकण्यात चूक असेल. घाई नाही, सवडीने पाहावे. चूकभूल द्यावी घ्यावी. आपला, एक वाचक.'

खाली यंत्राची चिठ्ठी, 'शंका'. त्याखाली माझं उत्तर.

तो रविवारचा पराक्रम माझ्या ध्यानात आला. पानाच्या तळाचा आकडा गाळायचा म्हणून त्या तिघांनी सरसकट शेवटची ओळच गाळली होती. ज्या पुस्तकात आकडा तळाला नसून वर असतो, त्यातली चालू गोष्टीतली ओळ जात होती. अशी पत्रं एकूण अकरा होती. पान २१५, पान २१९, पान २२६. सगळी एकाच अक्षरवळणाची म्हणावीत अशी, प्रत्येकात खंड, पान, आणि कोणाला त्रास नको. पहिल्यावर 'शंका', बाकी दहांवर 'ही तक्रार आधी येऊन गेलेली आहे'. शेवटचं असं होतं.

'खंड तिसरा, पान २४०. येथे भावाने थोरल्या बहिणीचे पत्र उघडले. पत्रात काय होते, ती ओळ पानाच्या शेवटी असावी. तथापि माझी उत्सुकता हा काही आपला दोष नव्हे, त्यामुळे याकडे दुर्लक्ष केले तरी चालेल.'

आणि आम्ही केलं होतं. यंत्राचं नाव कशाला घेऊ, मी केलं होतं. दोन खोल्यांच्या अंतरावरून माझे सासरे मला अकरा पत्रं लिहीत होते आणि मी ती खालच्या कपाटात टाकत होतो. एकतीस वर्षांत त्या कपाटात अशी किती माणसं गेली असतील, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं.

मग उठून अण्णांच्या खोलीत गेलो. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"अण्णा, तुम्ही प्रकल्पाला पत्रं लिहिली होतीत?"

ते चपापले. "त्यांचा काही त्रास झाला का तुम्हाला?"

"नाही हो. मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही इतके कामात असता, जावईबापू. आणि तिकडून उत्तर यायचं की. अकराही वेळा आलं. 'योग्य ती नोंद घेण्यात आली आहे.' भाषा स्वच्छ आहे. उत्तर देणारा जुन्या वळणाचा सभ्य माणूस असणार. म्हटलं, त्याच्या मागे व्याप असतील."

"अण्णा, तो सभ्य माणूस मी आहे," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगून टाकलं. टोपली, कपाट, यंत्र, रविवार. काही लपवलं नाही.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "'ऋणी आहे'च्या जागी 'आभारी आहे' बरं दिसलं असतं."

"बदलतो."

"ते राहू द्या." त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं आपटली. अडखळले. "जावईबापू, एक काम होतं. त्या पत्रात काय होतं, ते बघून सांगा. आत्ता."

एकोणतीस वर्षांनी हा शब्द आला होता. मी संगणकापाशी जवळजवळ धावलो. तिसरा खंड उघडला, दोनशे चाळीसावं पान काढलं आणि शेवटची ओळ वाचली. "'मी आले तर दार उघडशील का, एवढंच कळव.'"

"पुन्हा वाचा," अण्णा म्हणाले.

मी पुन्हा वाचली. त्यांनी मान हलवली. मग मी हेडफोन काढून ठेवले, आवाज मोठा केला, आणि आम्ही मागे, पान २१२ पासून सुरुवात केली. प्रोग्रॅम पान वाचायचा, शेवटी गप्प व्हायचा, की राहिलेली ओळ मी वाचायचो. पहिल्या काही पानांना माझी वेळ चुकली, नंतर जमलं. सौभाग्यवती दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

त्याच दिवशी मी घुबडबाईंना लिहिलं की यंत्राचा दोष नाही, ते तंतोतंत माझ्यासारखं शिकलं आहे, आणि हाच दोष आहे. यापुढे यंत्राने काहीही आपण होऊन बंद करू नये, आणि 'घाई नाही', 'सवडीने' असं जिथे दिसेल, त्यावर 'आधी हे वाचा' अशी नवी चिठ्ठी लावून ते माझ्याकडे पाठवावं. दोन हजार तक्रारी मी नव्याने, पूर्ण वाचून लावतो. बाईंचं उत्तर तासाभरात आलं. 'मंजूर. या चिठ्ठीचा रंग तुम्हीच ठरवा, चर्चा नको.' मी लाल ठरवला. जिन्यात डॉक्टर भेटले, त्यांना सांगितलं की तुमचं बरोबर होतं. ते म्हणाले, "कशाबद्दल?" त्यांच्या लक्षातही नव्हतं.

चौथ्या दिवशी शेवटच्या ओळीची दुरुस्ती तयार होऊन आली. त्या रविवारच्या धड्यानंतर दुरुस्त्या आता आपोआप न पोचता ज्याच्या त्याने टाकून घ्यायच्या होत्या. मी अण्णांच्या खोलीत गेलो. ते हेडफोन न लावता, आधीच तयार होऊन बसले होते. माझी खुर्चीही त्यांनी चाचपडत आपल्या शेजारी ओढून ठेवली होती.

"अण्णा, दुरुस्ती आली," मी म्हणालो. "टाकून देतो. पाच मिनिटांचं काम आहे. मग तुम्हाला कोणावर अवलंबून राहायला नको."

अण्णांनी थोडा विचार केला.

"घाई नाही," ते म्हणाले. "सवडीने टाका."

मी खुर्चीत बसलो आणि कालचं पान काढलं. मग रोज असंच चाललं, आणि पाचव्या खंडाच्या शेवटच्या पानाची शेवटची ओळही मीच वाचली. दुरुस्ती त्याच्या दुसऱ्या दिवशी टाकली.